बोल्टावरच्या खाचा

यशोधन जेवायला बसला तेव्हा निशिकांतची सगळी तयारी झालेली होती. आठवडाभर सिंगापूरच्या जुरोंग आयलंडला नेणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये त्याने दुसरं काही वाचलंच नव्हतं.

मुलगा सक्तीच्या लष्करी सेवेत. शनिवारी कॅम्पमधून यायचा, जेवायचा, झोपायचा, रविवारी परत. बायको सुलेखा तिच्या आईच्या आजारपणासाठी पुण्याला गेल्यापासून फ्लॅटमध्ये बोलायला दुसरं कोणी नव्हतं, आणि यशोधन तर तोंडातून शब्द काढायलाही महाग.

मागच्या शनिवारी मात्र नवल घडलं होतं. यशोधनच्या कॉम्प्युटरवर शिकारीच्या रायफलीचं चित्र होतं, आणि तिच्या बोल्टावर गोल फिरत गेलेल्या सुरेख खाचा. निशिकांतचा जन्म पाइप आणि पंप जोडण्यात गेलेला. बोल्ट म्हटला की त्याला एकच ठाऊक. "अरे, एवढ्या खाचा पाडल्यावर नट बसतो कसा?" त्याने विचारलं. यशोधन पोट धरून हसला. मग त्याने बापाला हाताला धरून दाराशी नेलं आणि दाराचा बोल्ट दाखवला. रायफलीचा बोल्ट म्हणजे हा असा. दांडी वर, मागे, पुढे, खाली, की गोळी आत आणि दार बंद. बापाचा हात दांडीवर ठेवून त्याने दोनदा चालवूनही घेतला. लहानपणी निशिकांतने त्याला सायकल शिकवली होती ती अशीच.

"पण त्या खाचा शोभेच्या की कामाच्या?" निशिकांतने विचारलं, तेवढ्यात यशोधनला मित्राचा फोन आला. प्रश्न तसाच राहिला, आणि निशिकांतने तो आठवडाभर जिवापाड सांभाळला.

"वजन थोडं कमी होतं," आता आमटी वाढता वाढता त्याने सुरुवात केली. "शिवाय माती, बर्फ आत गेला तर खाचांत बसतो, बोल्ट अडकत नाही. आमच्या पंपाच्या बुशिंगला तेलासाठी खाचा असतात, त्यातलाच प्रकार."

यशोधनने ताटातून मान वर केली नाही. "या, आय नो," तो सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला.

विषय संपला. निशिकांतला स्वतःचाच राग आला. एवढं शिकून बसायला कोणी सांगितलं होतं? काही येत नव्हतं म्हणून तर पोरगा जवळ आला होता.

"नट कुठे बसतो, ते मात्र अजून कळलं नाही," तो म्हणाला.

यशोधनने त्याच्याकडे पाहिलं. हसला नाही. "बाबा, लास्ट वीक यू आस्क ऑलरेडी." आवाजात चीड नव्हती. म्हाताऱ्या माणसाला सांभाळून घ्यावं तसा तो बोलला, आणि तेच निशिकांतला जास्त लागलं.

हात धुऊन यशोधनने कॅम्पची बॅग खांद्याला लावली. मित्र पुलाउ उबीन बेटावर सायकली फिरवायला निघाले होते. रात्री त्यांच्याकडेच राहून उद्या तिथूनच कॅम्प गाठायचा होता. बूट चढवता चढवता त्याला काय वाटलं कोण जाणे, तो थांबला.

"बाबा, दॅट वन शो ओन्ली ला. डोन्ट हॅव, ऑल्सो कॅन."

शोभेच्याच. नसल्या तरी चालतं.

"हो, मलाही तसंच वाटत होतं," निशिकांत म्हणाला.

दार लागलं. लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला. निशिकांत दाराशी गेला आणि बोल्टाच्या दांडीवर हात ठेवला. वर, मागे, पुढे, खाली. घरात तेवढाच आवाज झाला. पुन्हा वर, मागे.

मग बोल्ट तसाच उघडा ठेवून तो ताटं उचलायला गेला.