सात नंबरची खाट

"सात नंबर, पित्ताशयात खडे. रात्रीपासून उपाशी ठेवलंय, आज ऑपरेशन," रात्रपाळीच्या डॉक्टरने सकाळच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं. पाळी बदलताना डॉक्टर एकमेकांना रुग्णांची माहिती नीट देतात का, हे तपासायला आलेल्या साहेबांनी दहापैकी दहा गुण लिहिले.

सात नंबरवरचे बोऱ्हाडेतात्या ताडकन उठून बसले. "खडे यांचे!" शेजारच्या खाटेवर पोहे खाणाऱ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले. "मला साधा खोकला. यांना पंखा सोसेना, म्हणून काल आम्ही खाटा बदलल्या."

साहेबांनी दहातला एक खोडला, शून्य तेवढं ठेवलं.

"अहो तात्या, रात्रभर उपाशी राहिलात, विचारायचं नाही का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तात्या ओशाळले. "डॉक्टरांशी आमची ही बोलायची. ती होती तोवर मी नुसती जीभ दाखवायचो."