पंख्याजवळची वायर

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा एलिहिओचे दोन्ही हात कॉम्प्युटरच्या डब्यात होते. फोन त्याच्या मेहुण्याने, सिरिलोने घेतला. ऐकून घेतलं आणि हळूच खाली ठेवला.

"दाजी, हात काढा बाहेर," तो म्हणाला. "निमिया गेली."

एलिहिओने हात काढले नाहीत. त्याच्या चिमटीत एक वायर होती, पंख्याजवळची. तेवढीच बांधायची राहिली होती.

कॉम्प्युटर त्यानेच मोडक्या कॉम्प्युटरांचे भाग जमवून घरी जोडला होता. त्यामुळे आतल्या काही वायरी लांब, काही आखूड, सगळा गुंता. त्यातली एक सैल लोंबायची आणि पंख्याच्या पात्याला घासायची. उन्हाळ्यात पंखा जोरात फिरायचा आणि टर्रर्र असा आवाज घरभर व्हायचा. एलिहिओची बायको निमिया दर रविवारी कॉम्प्युटरसमोर बसून बुएनोस आयरेसला लेकीशी, मिर्ताशी बोलायची. माइक त्याच डब्यावर ठेवलेला. मायलेकी ओरडून बोलायच्या.

"अख्ख्या इताउग्वा गावाला ऐकू जातं, पोरीला तेवढं जात नाही," निमिया म्हणायची. "आतडी लोंबतायत त्याची. माझ्या लेसचा एक दोरा असा सुटला असता तर गिऱ्हाइकाने तोंडावर फेकली असती."

चौकटीवर कापड ताणून ती न्यांदुती विणायची, कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक लेस. सुटलेला दोरा तिला बघवायचा नाही.

हॉस्पिटलला जाताना गाडीत बसल्यावर तिने खिडकीतून सांगितलं, "मी येईपर्यंत ते आवरून ठेव. आल्यावर मला पोरीशी हळू आवाजात बोलायचंय."

एलिहिओ कामाला लागला. मागच्या पत्र्याला त्याने ड्रिलने भोकं पाडली. वायर कापली जाऊ नये म्हणून कडा कानशीने घासल्या. लांब वायरी भोकांतून पत्र्यामागे नेल्या, आखूड वायरींना तुकडे जोडले. प्लॅस्टिकच्या पट्ट्या त्याने आणल्या नाहीत. निमियाच्याच दोऱ्याने बांधलं, तिच्यासारखी गाठ मारून. ती बघून हसेल असं त्याला वाटलं होतं. मग फोन आला.

मातीहून परत आल्यावर ती वायर तशीच सोडून त्याने डब्याचं झाकण लावून टाकलं.

रविवारी आता मिर्ताशी बोलायला तो समोर बसायचा. पंखा घरघरायचा.

"पापा, जेवलास का?"

"काय?"

"जेवलास का, जेवलास?"

"नाही गं, अजून पाऊस नाही."

सिरिलो दुपारी तेरेरे प्यायला यायचा. बर्फाच्या पाण्यातल्या त्या कडवट पाल्याचा पेला एलिहिओच्या हातात देत म्हणायचा, "दाजी, एक गाठ मारायचीय. लग्नाच्या वेळी एवढा विचार नव्हता केलात."

"तू पी गुपचूप."

"पोरगी तिकडे घसा फोडते. मी मारू का?"

"हात लावायचा नाही."

"एक दिवस ती वायर घासून घासून पेटेल."

"पेटू दे."

कारण त्याने कुणालाच सांगितलं नाही. ती म्हणाली होती, मी येईपर्यंत. काम पुरं झालं असतं तर ती यायला हवी होती; अपुरं होतं तोवर तिचं येणंही नुसतं राहिलेलं होतं.

निमियाला जाऊन वर्ष होत आलं, वर्षाची प्रार्थना जवळ आली. मिर्ता तिकडे एका म्हातारीला सांभाळायची. तिला सुटी मिळाली नाही. "मला इथूनच ऐकव," ती ओरडून म्हणाली. हे मात्र त्याला नीट ऐकू आलं.

त्या दिवशी सकाळी, शेजारणी अंगणातल्या भट्टीत चिपा, चीजचे छोटे पाव, भाजत असताना, त्याने झाकण काढलं. वायर मागे घेतली, दोरा दोनदा फिरवला, गाठ मारली आणि टोक निमियासारखं दातांनी तोडलं. कॉम्प्युटर लावला. पंखा फिरला. आवाज नव्हता.

बायका जपमाळ घेऊन बसल्या. प्रार्थनेचा शब्दन् शब्द तिकडे पोचला. संपल्यावर हातात गरम चिपा घेऊन लोक गेले. सिरिलोने जाताना त्याच्या पाठीवर थाप मारली. "बघा, किती शांत वाटतंय."

मिर्ता अजून पडद्यावर होती.

"आलं ना सगळं ऐकू?" एलिहिओने विचारलं. ओरडावं लागलं नाही.

"आलं." ती पडद्याजवळ वाकली. "वायर बांधलीस?"

"बांधली. तुझी आई सांगून गेली होती."

"पापा, रागावू नकोस हं."

"बोल की."

"वर्षभर मला वाटायचं, आई तिथेच बसलीय. तुझ्या शेजारी. बोलतेय माझ्याशी, पण त्या घरघरीमुळे ऐकू येत नाहीये, एवढंच." तिने नाक पुसलं. "आज सगळं ऐकू येतंय."

एलिहिओ खुर्चीवरून उठला. मग म्हणाला, "थांब जरा. बंद करून परत लावतो."

निमियाची कात्री तिच्या चौकटीलाच अडकवलेली होती. त्याने ती आणली आणि गाठ कापली. पात्याने वायर झिजू नये म्हणून तिच्यावर निमियाचा दोरा जाड गुंडाळला, आणि ती पहिल्यासारखी सैल सोडली.

टर्रर्र.

"जेवलास का, पापा?" मिर्ता ओरडली.

"काय?" तो ओरडला.

दोरा झिजला की एलिहिओ नवा गुंडाळतो. डब्यातल्या बाकी सगळ्या वायरी जागच्या जागी बसल्या आहेत. ती एक तेवढी बांधायची राहिली आहे.