पहिली टोचणी

सूक्ष्मदर्शकापुढे हनुवटी टेकवून बसलेल्या रेणूने विचारलं, “आई, पडद्यावर काय दिसतंय गं?”

“तुझ्या डोळ्यातली नस, राणी. मटकीला मोड यावा तशी वाढतेय!”

रेणूच्या डोळ्यांना जन्मापासून काही टोचतच नसे. कचरा जाऊन झालेल्या जखमा तिला कळल्या नाहीत आणि एक डोळा गेला. उरलेल्या डोळ्याच्या बुबुळावर काही महिन्यांपूर्वी डॉक्टर तांबोळींनी नवे मज्जातंतू पेरले होते.

डॉक्टर सूक्ष्मदर्शक हळूहळू सरकवत गेले, तसा पडद्यावरच्या काळोखात पांढरा धागा थेट बुबुळाच्या मध्यापर्यंत पोचलेला आणि त्याला फांदी फुटलेली दिसली. मग त्यांनी सूक्ष्मदर्शक बाजूला केला आणि कापसाचं टोक अलगद बुबुळाला लावलं.

पापणी झटकन मिटली.

“आई गं, टोचलं!”

आईच्या डोळ्यांना धार लागली.

“टोचलं मला,” रेणू म्हणाली, “आणि रडतेस तू?”