देवीची जागा

बोईसर स्टेशनाबाहेर रिक्षात बसतानाच दीपालीने ठरवलं होतं, बेटेगाव आलं की आईला सांगून टाकायचं. बेटेगाव आलं आणि मागे पडलं.

शेजारी तिची आई जिवली दिल्लीत मिळालेली शाल मांडीवर घेऊन बसली होती. परवापर्यंत तिला चार पाड्यांबाहेर कुणी ओळखत नव्हतं, आज पेपरात तिचा फोटो होता. लग्नघराच्या भिंतीवर ती तांदळाच्या पिठाने देवीच्या चित्राचा चौक लिहायची, त्यासाठी थेट राजधानीत सत्कार. दोन वर्षं फॉर्म भरून आणि कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून दीपालीनेच हे जुळवून आणलं होतं.

बापाचं, म्हणजे नवशाचं, दुखणं जुनंच. दोघी दिल्लीला निघाल्या तेव्हा त्याने चौक लिहायची बांबूची काडी चावून टोक मऊ केलं आणि बायकोच्या हातात दिली.

"जा तू. मी कुटं जातो?" तो म्हणाला होता.

काल सकाळी दिल्लीच्या गेस्टहाउसात दीपाली न्हाऊन आली, तेव्हा तिचा मोबाइल घेऊन आई खाटेवर बसली होती. नातवाचे फोटो बघायची तिला सवयच होती. खाली नाश्त्याला जिवलीने आग्रह करकरून लेकीला चार पुऱ्या खायला लावल्या. स्वतः मात्र चहालाही शिवली नाही. मोठ्या समारंभाची धास्ती घेतली असेल, असं दीपालीला वाटलं.

हात धुतेय तोच भावाचा, अंकुशचा फोन आला. ती व्हरांड्यात गेली.

"दीपे, बा गेला."

तिला रडू आलं नाही. तेव्हाही नाही, आताही नाही. डोक्यात एवढंच आलं की दोन तासांनी आईला बड्या पाहुण्यांसमोर चौक लिहायचा आहे. आणि चौकातली देवी सवाशिणीनेच लिहायची असते. नवरा गेलेल्या बाईने तिला हात लावायचा नसतो. आईला कळलं, तर ती भिंतीजवळ उभीसुद्धा राहणार नाही.

"आयेला कळू देऊ नको," ती म्हणाली. "घराजवळ पोचलो का मीच सांगेन."

"आयेला..." अंकुश काहीतरी सांगायला गेला आणि अडखळला.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "आमी थांबतो तुमच्यासाठी."

समारंभात जिवलीने चौकट लिहिली, सूर्य-चंद्र लिहिले, तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती नाचणारी माणसं लिहिली. मधली देवीची जागा तशीच सोडून ती उठली.

"हात भरून आला," म्हणाली.

दीपालीने मनातल्या मनात देवीला हात जोडले. आईच्या हातून नकळतही काही वावगं घडलं नव्हतं. दिल्लीच्या जाणकारांना तर त्या रिकाम्या जागेत केवढातरी अर्थ सापडला. टाळ्या थांबेनात.

सबंध परतीच्या प्रवासात आई खिडकीबाहेर बघत होती आणि लेक आईकडे. वापीला सांगू, डहाणूला सांगू, असं करत बोईसर आलं होतं.

रिक्षा पाड्याच्या वळणावर थांबली. दारात माणसं बसली होती. एका बाजूला बांबू आणून टाकले होते. आता पळवाट उरली नव्हती.

"आये, उतरू नको," दीपाली म्हणाली. "कालपासून एक गोष्ट लपवलीय तुझ्यापासून."

जिवलीने शालीची घडी घालून ती लेकीच्या मांडीवर ठेवली.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "तू न्हात होतीस तवा अंकुशचा फोन मीच घेतला. त्याला बोलली, पोरीला आदी पोटभर खाऊ दे, मग तिला सांग."