लियाँची ती फायनल

"त्या माणसाच्या हातून एकाचा जीव गेलाय, ठाऊक आहे ना तुला?" कमलाबाईंनी विचारलं.

मैत्रेय गाडीची किल्ली शोधत होता. "आई, तो अपघात होता. वीस-बावीस वर्षं झाली त्याला."

एत्येन मोरेल हा फ्रान्सचा तलवारबाज. दोनदा जगज्जेता. निवृत्तीनंतर तो न्यूझीलंडमधल्या अल्बनीत आला आणि एका हॉलमध्ये मुलांना शिकवू लागला. अजूनही वेलिंग्टनहून माणसं त्याची सही घ्यायला येत. विजेतेपदांचं मात्र कुणी विचारत नसे. सगळ्यांना लियाँची ती फायनल ऐकायची असे. मोरेलचं पातं मोडलं होतं आणि मोडकं टोक समोरच्या पोराच्या जॅकेटमधून थेट छातीत गेलं होतं. तो डाग त्याला कायमचा चिकटला.

कमलाबाईंची नात धम्मदीना त्याच्याकडेच शिकत होती. रविवारी त्याच्या सत्काराला ती त्याच्याशीच खेळणार होती.

"आजी, रिलॅक्स. ही इज स्वीट ॲज, एकदम चांगला आहे तो," ती म्हणाली.

कमलाबाईंना त्याचं काहीच आवडत नसे. खेळाआधी तो प्रत्येकाच्या छातीवरचं कापड चिमटीत धरून ओढायचा. घाव कुठे बसेल ते बघतो मेला, असं त्यांना वाटे. एवढा नामवंत, पण जॅकेट मळकट पिवळं. नातीलाही तसलंच दिलेलं.

गुरुवारी घरात कुणी नसताना त्यांनी तिचं जॅकेट ब्लीचच्या पाण्यात भिजत घातलं. बुद्धवंदनेला जायच्या पांढऱ्या साड्या त्यांनी जन्मभर अशाच काढल्या होत्या. आपली पोर चार लोकांत मळक्या कपड्यात उभी राहिलेली त्यांना खपली नसती.

"हीप्स व्हाइट, आजी! कसलं पांढरं झालंय," धम्मदीना म्हणाली आणि तिने त्यांना मिठी मारली.

रविवारी हॉलच्या दारातच त्या अडून बसल्या. "तो तिच्यासमोर नको. तिला हातही लावायचा नाही."

मैत्रेयने ओशाळून मोरेलला ते सांगितलं. मोरेल हसला नाही. "तुझ्या आईचं बरोबर आहे," म्हणाला. धम्मदीनासमोर त्याने दुसरी मुलगी उभी करायला सांगितली आणि स्वतः कमलाबाईंच्या शेजारी येऊन बसला. त्यांचा जीव भांड्यात पडला.

भाषणं लांबली. मुली मुखवटे घालूनच आत आल्या आणि लगेच पाती भिडली.

"विचार त्याला, तो पोरगा कसा गेला," कमलाबाई म्हणाल्या.

मोरेल बराच वेळ हळू आवाजात बोलला.

"पाती नेहमीच मोडतात, म्हणतोय," मैत्रेय म्हणाला. "जॅकेटने अडवायला हवं होतं. पण फायनलला पोरगा छान दिसावा म्हणून त्याच्या आईने ते ब्लीचमध्ये धुतलं होतं. त्याने कापड आतून कुजतं. तिला कळू नये म्हणून हा आजवर गप्प राहिला. ती गेल्या वर्षी वारली. म्हणून हा रोज सगळ्यांची जॅकेटं ओढून बघतो."

कमलाबाईंनी समोर पाहिलं. मुखवट्यांमुळे कोणती मुलगी कोण, हे हॉलमध्ये कुणालाच ओळखू येत नव्हतं. त्यांना येत होतं. दिव्याखाली धम्मदीनाचं जॅकेट दुधासारखं पांढरं दिसत होतं.