मधून जायचं नसतं
घंटी वाजवून माझा अंगठा दुखायला लागला, तरी पुढचं जोडपं हटेना. चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची वाट एकच. डाव्या कडेने बायको चाकांची बॅग ओढत होती, उजव्या कडेने नवरा तोंड फुगवून चालला होता. “अहो, एका बाजूला व्हा ना! मला दवाखाना उघडायचाय.” “जा की मधून,” नवरा खेकसला. “सोबत चालणाऱ्यांच्या मधून सायकल घालायची नसते. नियम आहे.” “सोबत कोण?” बायको फणकारली. “मी भावाकडे चाललेय. कायमची.” “मी बसस्टॉपपर्यंतच,” तो पुटपुटला. माझं डोकंच फिरलं. “एकदाच काय ते सांगा! सोबत नसाल, तर मी मधून जातो.” मी पेडल मारलं. तेवढ्यात त्याने तिच्या कडेला येऊन बॅगेचं हँडल धरलं. तिने हिसकावलं नाही. “बघताय काय?” ती माझ्यावरच ओरडली. “मोकळा झालाय ना रस्ता!”