तिसऱ्या जागेची मेंढी

मेंढी कातरताना माझा उजवा खांदा निखळला. डब्बो गावच्या डॉक्टरनं सहा आठवड्यांसाठी पट्टा घातला. उजवा हात पोटाशी बांधलेला. मुकादम मर्व्ह म्हणाला, "कातरणाऱ्यांच्या रांगेतली तुझी तिसरी जागा रिकामी ठेवतो. पण मुदतीआधी कातरायच्या यंत्राला हात लावलास, तर जागा गेली."

दुखतंय का, हे कुणी विचारलं नाही. मी डाव्या हातानं शेड झाडू लागलो.

प्रत्येक जागेखाली कातरून झालेल्या मेंढ्या सोडायचं वेगळं कुंपण असतं. चौथ्या आठवड्यात तिसऱ्या जागेच्या कुंपणात एक कातरलेली मेंढी उभी होती. डाव्या कानामागे लोकरीचा झुबका. वीस वर्षं तो झुबका फक्त माझ्याच हातून राहत आलाय.

"राहवत नाही का रे, म्हाताऱ्या?" माझा मेव्हणा क्लेम हसला. त्याला माझी जागा त्याच्या भावासाठी हवी होती.

दुसऱ्या दिवशी तीन मेंढ्या. मी यंत्राला हातही लावला नाही, असं मर्व्हला सांगितलं.

"खोटारड्या!" मर्व्ह ओरडला.

"मग तूच बांध मला," मी म्हणालो.

त्यानं पट्टा करकचून आवळला, वरून गासड्यांची सुतळी गुंडाळली, गाठी मारल्या आणि मला आपल्यासमोर बसवलं. तिसऱ्या जागेचं यंत्र बंदच होतं.

चहाची घंटा झाली. खाली कुंपणात खुरं वाजली. क्लेम बघून आला. या वेळी तो हसला नाही.

"झुबका आहे," एवढंच म्हणाला.

मर्व्ह उठलाच नाही. तो माझ्या पोटाकडे बघत होता. सगळ्या गाठी जागच्या जागी होत्या. पट्टा मात्र आत हातच नसल्यासारखा सपाट पडला होता.

महिन्याभरात पहिल्यांदाच खांदा दुखत नव्हता.